आप्पांची मोजणी

असले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलो आहे, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसलोही आहे. माझे दोन ट्रक आहेत. उमेदीची सगळी वर्षं मी स्वतः रात्रीचं ड्रायव्हिंग केलं... वडखळ, घाट, पार गुजरातपर्यंत. कुणी बाई आडवी आली नाही, कुणी म्हाताऱ्याने लिफ्ट मागितली नाही. त्यामुळे हे सगळं रिकाम्या डोक्याचे खेळ आहेत असंच मी मानत होतो. आजही छातीठोकपणे 'आहे' म्हणवत नाही. मी पाहिलं काहीच नाही. फक्त ऐकलं. आणि ऐकून गप्प बसलो... ते जास्त सलतं, म्हणून लिहितोय.

मांडव्याहून अलिबागकडे येताना डावीकडे आत वळलं की खाडीच्या अंगाला आमचं गाव लागतं. नाव लिहीत नाही. घर साधंच आहे. पुढे पडवी, मग माजघर, आणि माजघराला लागून देवघराची छोटी खोली, तिला वेगळं दार. घरात मी, बायको मनीषा, मुलगी सायली आणि माझे वडील, आप्पा.

सायलीला लहानपणापासून फिट येते. गोळ्या चालू होत्या, अलिबागला कॉलेजला जात होती, मैत्रिणींबरोबर हिंडत होती. वर्षाकाठी एखादी फिट यायची आणि मिनिटा-दोन मिनिटांत आपली आपण थांबायची. पण नवी मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं. फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर ती आपोआप थांबेल या भरवशावर राहायचं नाही. नाकात मारायचा एक स्प्रे त्यांनी दिला होता, तो मारायचा आणि तडक हॉस्पिटल गाठायचं. जितका उशीर कराल तितकं औषध कमी लागू पडतं, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

तेव्हा आप्पांनी विचारलं, "पाच मिन्टं म्हंजे किती वो?"

डॉक्टरांनी घड्याळ पुढे केलं.

"घड्याल मना समजत न्हाय. मी मोजीन."

आप्पांचं आयुष्य मिठागरात गेलं. मिठाच्या टोपल्या डोक्यावरून येऊन राशीवर पालथ्या पडायच्या आणि आप्पा उकिडवे बसून त्या मोजायचे. जुन्या पद्धतीने. पहिल्या टोपलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन... वीस झाले की एक बोट मिटायचं आणि पुन्हा लाभ. शेवटची टोपली पडली की 'संपलं' म्हणायचं नाही. 'भरलं' म्हणायचं. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून मोजायला लावलं आणि म्हणाले, "आजोबा, जरा हळू घ्या. एक बोट म्हणजे एक मिनिट, असं बसवा." त्या दिवशी परतताना आप्पा गाडीत सारखे मोजत होते. पेण येईपर्यंत मनीषा म्हणाली, "आप्पा, आता मलाच फिट येईल." सायली इतकी हसली की पाणी नाकात गेलं.

तेव्हापासून ते काम आप्पांचं झालं. सायलीला फिट आली की आम्ही तिला कुशीवर वळवायचो, डोक्याखाली काहीतरी सारायचो, आणि आप्पा तिच्या पायांशी उकिडवे बसायचे. त्यांना दम्याचा त्रास होता, त्यामुळे प्रत्येक आकड्याआधी श्वास ओढल्याचा बारीक आवाज यायचा. हूं... लाभ. हूं... दोन. झटके थांबून सायलीने मोठा सुस्कारा सोडला की आप्पा म्हणायचे, "भरलं." मग आम्ही सगळे श्वास घ्यायचो. पाच बोटं मिटून मूठ झाली की स्प्रे, हा नियम. मूठ होण्याची वेळ एकदाच आली होती.

स्प्रे ठेवला होता देवघरात, देवांखालच्या खणात. तेही आप्पांचंच. "घरान कोनी बी यवंदे, देव कुठं हाय ता सांगावा लागत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. आणि ते बरोबरही होतं... आप्पा असेपर्यंत.

आप्पा गेले ते अगदी साधेपणाने, बाजेवर दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत. माझी आत्या, आप्पांची धाकटी बहीण, सगळं सांभाळायला आली. आमच्याकडे सुतकात घरचं माणूस देवाला शिवत नाही. आत्याने देवघराला कुलूप घातलं आणि चावी शेजारच्या जनाकाकूंकडे दिली. त्या आमच्या भावकीतल्या नाहीत. रोज सकाळी येऊन दिवा लावायचा, कुलूप घालायचं, आणि चावी कमरेला लावून परत जायचं, असं ठरलं.

मनीषाने पहिल्याच संध्याकाळी मला बाजूला घेतलं. "अहो, स्प्रे आत राहिला. काढून आणा ना."

मी म्हणालो, "आत्या बसलीये समोर. सकाळी काकू येतील तेव्हा सांगतो."

सकाळी माणसं होती. दुसऱ्या सकाळीही होती. बाप गेलाय आणि हा नाकातल्या औषधासाठी देवघर उघडायला लावतोय, असं कुणी म्हणेल याची मला लाज वाटली. तेरावं झालं की काढू, एवढे दिवस काही होत नाही, असं मी स्वतःलाच समजावलं. घरात येणंजाणं, जागरणं, रडारड. सायली आजोबांची लाडकी. ती धड जेवत नव्हती, झोपत नव्हती, आणि तिच्या गोळ्या चुकल्या हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दहावं व्हायचं होतं. सकाळची उन्हं पडवीत आली होती. भावकीतली माणसं दहाव्याला खाडीवर कोण कोण येणार ते ठरवत बसली होती, आणि सायली आतून चहाचा ट्रे घेऊन आली. उंबऱ्यात थांबली. मान एका बाजूला वळली. मी उठेपर्यंत कपबशांसकट खाली कोसळली.

मनीषाने तिला कुशीवर घेतलं. कुणीतरी कांदा आणायला धावलं, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं. मनीषा कुणाचंच ऐकत नव्हती. "काही करू नका, फक्त लांब व्हा," एवढंच ती सांगत होती. मीही तिथेच गुडघे टेकून होतो, आणि मोजणी ऐकत होतो. लाभ. दोन. तीन. घड्याळाकडे बघायचं मला सुचलंच नाही, कारण मोजणी चालू होती. इतक्या वर्षांची सवय. सायलीला फिट आली की तो आवाज असायचाच. चौथं बोट मिटण्याची वेळ झाली तेव्हा मी स्प्रेसाठी उठलो.

देवघराला कुलूप. जनाकाकू अलिबागला बाजाराला गेल्या होत्या, चावी त्यांच्या कमरेला.

मी कुलपाला हात घातला तशी आत्या आडवी आली. "शुद्धीवर हायस का रं? बापाचं सुतक हाय. देवाचं कुलूप तोरतोस?"

मी तिला ढकलायला हवं होतं. ढकललं नाही. मी तिला समजावत बसलो... दारात उभा राहून, हात जोडून. मागे मोजणी चालूच होती. माझ्या चुलतभावाला म्हटलं, बाईक काढ, काकूंना फोन लाव. फोन लागेना. मनीषाने उंबऱ्याकडून हाक मारली नाही, किंकाळी फोडली. तेव्हा कुठे मी मागच्या दारची पहार आणली आणि कडी उपटली. आत्या रडत बाजूला झाली.

स्प्रे मारला. झटके जरा मंदावले, पण थांबले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. उशीर झाला होता.

चुलतभावाच्या गाडीत मागच्या सीटवर सायलीला आडवं घेतलं. डोकं मनीषाच्या मांडीवर. मी पायांकडे, खाली बसलो. चोंढीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, गाडी थांबली, आणि त्या थांबण्यात माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला.

मोजणी अजून चालू होती. माझ्या शेजारी, सीटच्या खाली, जिथे फक्त सायलीच्या चपला पडल्या होत्या, तिथून. हूं... सात. हूं... आठ.

आणि आप्पांना तर आम्ही कधीच पोचवून आलो होतो.

तेव्हा काय झालं ते मला नीट लिहिता येणार नाही. माझ्या मनात फक्त एकच होतं... खाली बघायचं नाही. डोक्यातला भास असेल म्हणून मी दोन्ही कानांत बोटं घातली. आवाज कमी झाला. बोटं काढली, पुन्हा स्पष्ट. भास असता तर तो बोटं घालून कमी झाला नसता, एवढं मला कळत होतं.

अलिबागच्या हॉस्पिटलमध्ये इंजेक्शनं दिली, सलाईनमधून आणखी एक औषध सुरू केलं. थोड्या वेळाने झटके थांबले. हातपाय सैल पडले, चेहरा शांत झाला. मनीषा भिंतीला टेकून खाली बसली. चुलतभाऊ गावाकडे फोन करून सांगायला बाहेर गेला, "थांबलं रं, थांबलं."

मी वाट बघत होतो. आता 'भरलं' येईल. आता येईल.

आलं नाही. पलंगाच्या पायथ्याशी, फरशीच्या उंचीवरून मोजणी चालूच राहिली. लाभ. दोन. तीन. भर दुपार, खिडकीतून ऊन येतंय, पंखा फिरतोय, पलीकडच्या पलंगावरचा माणूस मोसंबं सोलतोय... आणि माझ्या मेलेल्या बापाचा आवाज, त्याच दम्याच्या श्वासासकट, विसापर्यंत जातोय आणि पुन्हा लाभवर येतोय. ऐकताना एक बोट मिटल्याचीही शांतता मधे असायची. त्या शांततेत मला वाटायचं, संपलं. मग पुन्हा, हूं... लाभ.

डॉक्टर बाई तरुण होत्या, चांगल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "मॅडम, थांबलंय ना नक्की?"

"थांबलंय काका. आता औषधाची झोप आहे. संध्याकाळपर्यंत उठेल." मग माझ्या तोंडाकडे बघून त्या थबकल्या. "का? तुम्हाला काही वेगळं जाणवलं का? डोळे, ओठ, काही हलताना दिसलं?"

ती वेळ होती. मला फक्त म्हणायचं होतं की मॅडम, मला वाटत नाही हे थांबलंय. कारण सांगायची गरज नव्हती. बापाला वाटतं, एवढं कारण पुरलं असतं. पण मला वाटलं, ही पुढचा प्रश्न विचारेल. का वाटतं? आणि मी काय सांगू, माझे वडील अजून मोजतायत? शिकलेल्या माणसांशी मी नेहमी जपून 'नाही' म्हणतो. त्या दिवशी तोंडातून घरचं निघालं.

"न्हाय," मी म्हणालो.

त्या गेल्या. सगळी दुपार मी त्या पलंगाशी बसून राहिलो. तो आवाज ऐकत. एकदाही खाली न बघता.

संध्याकाळी सायली उठली नाही. डॉक्टर बाईंनी डोळ्यांत टॉर्च मारला आणि त्यांचा चेहरा बदलला. मग धावपळ, फोन, अँब्युलन्स. मी आणि मनीषा मागे बसलो. सायरन चालू होता, पण सायरनच्या खाली, स्ट्रेचरच्या चाकांजवळ, मोजणी होती. मनीषाने सायलीचं पाऊल घट्ट धरलं होतं आणि डोळे मिटले होते. मला वाटलं, देवाचं नाव घेत असेल.

नवी मुंबईला सायलीच्या डोक्याला वायरी लावल्या. पडद्यावर रेघा आल्या. दाट, टोकदार, एकसारख्या. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला जवळ बोलावलं. "हे बघा, बाहेरून शांत दिसतेय, पण मेंदूत झटका चालूच आहे. शरीर थकलं म्हणून हलणं थांबलं. आत थांबलेलं नाही."

मी खुर्ची शोधायला लागलो. त्यांना वाटलं, धक्का बसला. धक्का नव्हता. मला हे दुपारपासून माहीत होतं.

तिला व्हेंटिलेटरवर घेतलं, भूल देतात तसं औषध सुरू केलं. आम्हाला काचेबाहेर काढलं. काचेतून पडदा दिसत होता. हळूहळू रेघांमधली दाटी कमी झाली, मधे सपाट जागा दिसायला लागल्या. आणि मोजणीही सावकाश झाली... दोन आकड्यांमधलं अंतर वाढत गेलं, जशा टोपल्या लांबून यायला लागाव्यात. काचेबाहेरही ती मला ऐकू येत होती, माझ्या पायांशी. विसाच्या अलीकडच्या एका आकड्यावर ती थांबली. तो आकडा मी इथे लिहीत नाही. पुढचा आला नाही. मी श्वास धरून 'भरलं'ची वाट बघितली. तेही आलं नाही.

पुढचे दिवस आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर गेले. आप्पांचं दहावं, तेरावं माझ्याशिवाय झालं. डॉक्टर रोज भूल थोडी कमी करायचे, पुन्हा वाढवायचे. सायली एकदाची शुद्धीवर आली तेव्हा आम्हाला ओळखलं, पण शब्द गेले होते. उजवा हात मुठीसारखा मिटलेला. डॉक्टर म्हणाले, जिवंत आहे, ओळखते, उद्या चालेल. इतका वेळ चाललेल्या फिटनंतर हे पुष्कळ आहे. मी विचारलं, अलिबागलाच कळलं असतं तर? ते म्हणाले, "लवकर कळलं असतं तर बरंच झालं असतं. किती, ते मी नाही सांगू शकत." खोटा दिलासा त्यांनी दिला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

त्याच बाकड्यावर एका दुपारी मनीषा म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मोजत होतात त्याचा मला फार आधार वाटला हो."

मी तिच्याकडे बघितलं.

"अलिबागला. आणि अँब्युलन्समध्ये. अगदी आप्पांसारखं. मी म्हटलं, यांचं लक्ष आहे. थांबलं नसेल तर हे सांगतीलच डॉक्टरांना. म्हणून मी बोलले नाही."

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "मनीषा, मी मोजत नव्हतो."

तिने दोन्ही पाय उचलून बाकड्यावर घेतले आणि साडी पावलांवर ओढून घेतली. त्यानंतर आम्ही दोघं या विषयावर आजतागायत बोललेलो नाही. आकडा तर कधीच उच्चारलेला नाही.

सायली आता घरी आहे. चालते. 'आई', 'पाणी', 'नको' एवढं बोलते, कधी कधी नवा शब्द येतो. थेरपीवाल्या बाई बोटं मोजायला शिकवतात. अजून तिला एक-दोन जमत नाही, गोंधळते आणि चिडते. हाताच्या व्यायामासाठी त्यांनी सांगितलंय, काहीतरी उचलून ठेवायला द्या. आमच्याकडे पांढरा कांदा असतो. एका टोपलीतला छोटा कांदा उजव्या हाताने उचलायचा आणि दुसऱ्या टोपलीत टाकायचा.

मागच्या आठवड्यात ती पडवीत तेच करत बसली होती. मी समोर ट्रकच्या हप्त्याबद्दल फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तेव्हा तिने भरलेली टोपली नव्याने पुढे ओढली, आणि पहिल्या कांद्यापासूनच ती पुटपुटायला लागली. कान दिला. प्रत्येक कांद्यामागे एक आकडा. सावकाश, स्पष्ट. आधी आनंदच झाला, मनीषाला हाक मारायला तोंड उघडलं... आणि मग मी काय ऐकतोय ते कळलं. वीस झाल्यावर ती थांबली, पुन्हा 'लाभ' म्हणाली. लहानपणापासून ऐकलेलं आत कुठेतरी राहिलं असेल, असं डॉक्टर नंतर म्हणाले, आणि ते मला पटतं. पण सुरुवात तिने 'लाभ'पासून केली नव्हती. काचेबाहेर जो आकडा शेवटचा ऐकला होता, त्याच्या पुढच्या आकड्यापासून केली होती.

मी हललो नाही. टोपली रिकामी होत आली. शेवटचा कांदा पडला. तिचा हात रिकाम्या टोपलीत फिरला, काही लागलं नाही, आणि ती गप्प बसली. वाट बघत असल्यासारखी.

एकदा गप्प बसून मी तिचा हात घालवला, तिचे शब्द घालवले. आता तरी बोलावं म्हणून सगळा धीर गोळा करून मी म्हणालो, "भरलं गं बाय. भरलं."

तिने वर बघितलं. माझ्याकडे नाही. माझ्या शेजारी, जमिनीच्या उंचीवर, उकिडवा माणूस बसतो तेवढ्या उंचीवर. काहीतरी ऐकत असल्यासारखी मान कलती केली. मग माझ्याकडे वळून सावकाश मान हलवली.

"न्हाय," ती म्हणाली.

हा शब्द आजारपणानंतर तिने कधीच उच्चारला नव्हता. तिचा कायमचा शब्द 'नको'.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि कुणी दिलं तर ते ऐकायची माझी तयारी आहे की नाही, तेही सांगता येत नाही. डॉक्टरांनी गोळ्यांचा डोस पुन्हा तपासलाय, सगळं ठीक आहे म्हणतात. देवघराचं दार आम्ही काढूनच टाकलं. स्प्रे आता दिवसरात्र माझ्या शर्टाच्या खिशात असतो. हे लिहितानाही हात मधेमधे खिशाकडे जातो. सायली आत झोपली आहे, आणि घरात तूर्तास तरी काहीच ऐकू येत नाही.